तीन वाजताची भिंत

आबा,

आज दुपारी बरोबर तीन वाजता मी नव्या हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसले. समोर वस्तीतली शंभरेक माणसं, दारात हॉल बांधून देणाऱ्या संस्थेचे सचिव हातात तापमापक घेऊन उभे, आणि मी, चाळिशी ओलांडलेली बाई, इस्त्रीची साडी नेसून अशी फतकल मारून बसलेली. कबड्डी खेळणाऱ्या दोन पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाईला चक्कर आली काय गं, पाणी आणा." मी काय करते आहे हे तिथं एकालाही कळलं नाही. तुम्ही असतात तर तुम्हाला कळलं असतं, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. असतात तरी हे पत्र तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि यात जे आहे ते दुसऱ्या कुणी मोठ्यानं वाचलेलं मला सोसलं नसतं. तेव्हा आहे हे बरंच आहे.

बांधकाम मालकाच्या ताब्यात द्यायच्या आदल्या दिवशी तुम्ही हे करायचात. भर उन्हाळा असेल तर दुपारी तीनला, डोक्याला बांधलेलं उपरणं सोडायचं, अंगातली बंडी काढायची आणि मावळतीकडच्या भिंतीला उघडी पाठ टेकवून बसायचं. बोलायचं नाही. सोबतचे मजूर बाहेर सावलीत तंबाखू मळत बसायचे. मी शाळेला सुटी असली की यायचे, तेव्हा एकदा विचारलं होतं की हे काय करता. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "घरधन्याला दारं-खिडक्या दिसत्यात. भिंत पाठीला कळती. ह्या वक्ताला पाठ भाजली नाय तर घर राहण्याजोगं झालं." कुठल्या कुठल्या घरांतून तुम्ही गप्प उठायचात आणि घरी आल्यावर जेवताना दोन घास कमी खायचात. त्या दिवशी भिंत तापलेली असायची, हे आई आणि मी न विचारता ओळखायचो.

आपलं स्वयंपाकघरही आठवतं. आधी वर पत्रा होता. चैत्र लागला की आई भाकरी थापताना पदरानं कपाळ पुसायची आणि पुसता पुसता तुमच्या नावानं ओरडायची की दुनियेची घरं बांधता आणि माझ्या डोक्यावर पत्रा. ती लई बोलली त्या वर्षी तुम्ही कुंभाराकडून कड उडालेली, कुणी घेणार नाही अशी मडकी हातगाडीवर घालून आणलीत. पत्रा काढून पातळ स्लॅब टाकला, त्यावर मडकी एकाला एक लावून पालथी मांडली, मधल्या फटींत विटांचा चुरा आणि चुना कोंबला, आणि सगळ्यावर चुन्याचा पांढराशुभ्र थर दिला. शेजारी येऊन बघून हसून गेले की मिस्त्रीनं घरावर मडकी पुरली. दुसऱ्या उन्हाळ्यात आई म्हणाली, "आता घाम डोळ्यात नाय जात." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत, पण त्या दिवशी तिसरी भाकरी मागून घेतलीत.

तर हा हॉल. पडेगावच्या बाजूला, दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, एक वस्ती आहे. निम्मी घरं आपल्या लोकांची, निम्मी मेंढ्या विकून शहराच्या कडेला मजुरीला आलेल्यांची. तिथं पत्र्याचं एक समाजमंदिर होतं. नावालाच. फाल्गुन सरला की जूनपर्यंत आत पाय ठेवायची सोय नाही. म्हातारी माणसं रस्त्याकडेच्या लिंबाखाली, पोरं ट्रकच्या वाटेत खेळणार, आणि कबड्डी खेळणाऱ्या पोरी तर घरातच, कारण उघड्या मैदानात संध्याकाळी टवाळ जमतात. एका संस्थेनं तिथं पक्कं करमणूक केंद्र बांधून द्यायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. एक मोठा हॉल, वाचायची खोली, ओसरी. अट एकच, वीज कमीत कमी लागली पाहिजे, कारण बिल वस्तीच्या मंडळानं भरायचं होतं. पाण्याचे कूलर लावायचा प्रश्नच नव्हता. तिथं प्यायच्या पाण्याचीच मारामार, नळ कधी येईल त्याचा नेम नाही.

मी जीव ओतला, आबा. पश्चिमेला दीड हात जाडीची काळ्या दगडाची भिंत घेतली. वर तुमची मडकी, पालथी, चुन्यात बसवलेली, आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्स. खाली उत्तर-दक्षिणेला रुंद खिडक्या, छताजवळ झरोके. आपल्याकडची हवा कोरडी, दिवसा कितीही पेटली तरी पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. तेव्हा रात्री सगळं उघडं ठेवायचं, म्हणजे भिंती आणि फरशी गार होतात, आणि सकाळी नऊला सगळं बंद करायचं, म्हणजे तो गारवा संध्याकाळपर्यंत पुरतो. एवढं साधं गणित. संस्थेपुढे नकाशे मांडताना मडक्यांबद्दल कुणीतरी विचारलं. मी म्हणाले, "ही आपल्या भागातली पारंपरिक पद्धत आहे." माझ्या बापाची आहे असं नाही म्हणाले.

संस्थेच्या सचिवांना हे मुळातच पसंत नव्हतं. माणूस वाईट नाही, पण त्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. ते म्हणाले, "मॅडम, वैशाखात एक दिवस भर दुपारी वस्ती बोलावू. लोक बसू शकले तर तुमचं खरं. नाही तर काचा ठोकून एसी बसवतो, विषय संपला." विषय तिथं संपणार नव्हता. एसी आले की बिल आलं, बिल आलं की मंडळ हॉल लग्नाला भाड्यानं देणार, आणि लग्नसराईत तिथं कबड्डी कोण खेळू देतंय? त्या पोरी परत घरात. मंडळाच्या अध्यक्षांनी मला हे हॉलच्या पायऱ्यांवर बसून स्वच्छ सांगितलं होतं. म्हणाले, "बाई, आम्हाला खोटं बोलता येत नाय. तुमच्या भिंतीवर आमचं समदं हाय."

सचिवांच्या त्या दिवसाआधी आठ दिवस मी माझ्यापुरती एक तालीम ठेवली. दुपारी अडीचला वीसेक बायका आणि पोरी बोलावल्या. दार उघडून आत गेले आणि तोंडावर वाफ आली. बाहेर उन्हाच्या झळांची लू चालली होती, पण बाहेर निदान वारा होता. आत हवा जागच्या जागी उभी होती. मी भिंतीला हात लावला आणि काढून घेतला. बायका दहा मिनिटं बिचाऱ्या माझ्याकडे बघून बसून राहिल्या, मग एकीनं लेकराला कडेवर घेतलं नि म्हणाली, "आमचं पत्र्याचं काय वाईट होतं मग?" आणि त्या एकेक करून उठल्या. ज्या हॉलसाठी आठ महिने झोप गमावली तो दहा मिनिटांत रिकामा झाला.

मग मला दिसलं. खालच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. झरोके मात्र घट्ट बंद, त्यांच्या दांड्यांना सुतळीनं गाठी मारलेल्या. दाराजवळ मीच लावलेला कागद, मोठ्या अक्षरांत, 'रात्री उघडे, दिवसा बंद'. मी चौकीदाराला हाक मारली. साठीचा माणूस, वस्तीच्या कडेला राहणारा, घरी अजून आठ-दहा मेंढ्या राखणारा. हॉल ताब्यात दिला त्या दिवशी त्याला मी सगळं समजावलं होतं आणि त्यानं मान हलवली होती. विचारलं, रात्री खिडक्या उघडता का? तो म्हणाला, "नाय बाई. दिवस मावळला की कुलूप. सकाळी उघडतो समदं, हवा खेळावी म्हणून." महिनाभर, आबा. महिनाभर हा माणूस रात्री उष्मा आत कोंडत होता आणि दिवसा लू आत घेत होता. माझं सगळं गणित त्यानं उलटं चालवलं होतं.

माझा तोल गेला. माझं तोंड कसं आहे तुम्हाला माहीत आहे, ते आईकडून आलं. मी त्या बायका-पोरींच्या देखत म्हणाले, "डोकं घरी ठेवून येता का? सांगितलं तेवढंही करता येत नाही?" त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची बारीक घडी केली, आणि ती घडी दोन्ही हातांत धरून उभा राहिला. ती घडी बघितली आणि मला आठवलं, ते वाक्य माझं नव्हतं. ते शब्द, त्याच क्रमानं, मी पूर्वी एकदा ऐकले होते.

क्रांती चौकाजवळच्या त्या दुकानांच्या कामावर, तुमच्या शेवटच्या काही वर्षांत. दुसऱ्या मजल्याची मधली भिंत चुकीच्या जागी उभी राहिली होती. तुम्ही ओळंबा हातात धरून उभे, आणि कामावरचे साहेब, डोळ्यांवर काळा चष्मा, खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "मिस्त्री, डोकं घरी ठेवून येता का? सांगितलं तेवढंही करता येत नाही?" भिंत तिथं घ्यायला साहेबांनीच सांगितलं होतं, तोंडी, आदल्या आठवड्यात. तुम्ही तेवढंच म्हणालात, हळूच, "साहेब, तुम्हीच म्हणला व्हता." ते म्हणाले, "दाखव कुठं लिहिलंय." लिहिलेलं कुठं असणार? आणि असतं तरी तुम्हाला काय! तुम्ही उपरण्याची घडी केलीत, ओळंब्याची दोरी गुंडाळलीत, आणि स्वतः कुदळ घेऊन ती भिंत पाडायला लागलात, बारा वाजताच्या उन्हात, एकटे. मजुरांना हात लावू दिला नाहीत. हे मला इतकं बारीकसारीक कसं माहीत असं तुम्ही विचाराल. ते शेवटी सांगते.

तालमीनंतर दोन दिवस मी सचिवांना फोन केला नाही आणि त्यांचा घेतलाही नाही. तिसऱ्या सकाळी चौकीदाराच्या घरी गेले. तो मेंढ्यांना पाला टाकत होता, माझ्याकडे बघून "या" म्हणाला आणि पुन्हा पाला टाकायला लागला. बोलली ती त्याची बायको. चहा न ठेवताच बोलली. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला येक इचारू का? त्या खिडक्यांना गज कुठं हाये? रात्री उघड्या ठेवल्या नि मधलं सामान गेलं, तर कुणाला धरनार? तुमाला का ह्यांला?" मग तिनं सांगितलं. आधी हा एका गोदामावर राखणीला होता. रात्री खिडकीतून कुणी तरी तारांची भेंडोळी नेली. खिडकी उघडी ठेवायला मालकाच्या माणसानंच सांगितलं होतं, आत रंगाचा वास कोंडतो म्हणून. पण ठपका ह्याच्यावर. दोन दिवस पोलीस चौकीत बसवून ठेवला. तेव्हापासून कुलूप लावून, कुलूप तीनदा ओढून बघितल्याशिवाय त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. "इज्जत गेली की कोन आणून देतं, बाई?" ती म्हणाली. तो तेवढ्यात पहिल्यांदा बोलला, "जाऊ दे गं. त्यांना काय मालूम."

गज मी काढले होते, आबा. मूळ नकाशात होते. मीच खोडले, कारण गजांनी तुरुंगासारखं दिसेल, फोटोत खिडकी मोकळी दिसणार नाही. ज्या वस्तीत लोक रात्री चप्पलसुद्धा घरात घेऊन झोपतात तिथं मी माणूस आत शिरेल एवढ्या खिडक्या बिनगजाच्या ठेवल्या आणि त्या रात्रभर उघड्या टाकायला सांगितल्या. मला शरम वाटली. नुसती वाईट वाटण्याची गोष्ट नव्हती ती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी घराचा नकाशा काढून तुम्हाला दाखवला होता, अभिमानानं, रॉकेलच्या स्टोव्हशेजारी पसरून. रेघा तुम्हाला वाचता यायच्या, अक्षरं नाही यायची. तुम्ही वाऱ्याच्या खिडकीवर बोट ठेवून विचारलंत, "ही रात्री उघडनार कोण?" मी म्हणाले, कुणीही उघडेल, हा नुसता नकाशा आहे. तुम्ही चिडलात. तुम्ही माझ्यावर फार थोड्या वेळा चिडलात, त्यातली ही एक. "कुनीबी म्हंजे कुनीच नाय. आधी मानूस काढ त्याच्यात. मंग खिडकी काढ." मी तो कागद गुंडाळला आणि रुसून झोपले. वीस-बावीस वर्षं नकाशे काढते आहे, आणि त्या खिडकीपाशी माणूस काढायचा परत राहून गेला.

पाच दिवस हातात होते. लोहाराला वस्तीतच बसवला. खालच्या प्रत्येक खिडकीला गज आणि आतून बारीक जाळी, मांजर नि साप येऊ नयेत म्हणून. झरोक्यांच्या दांड्यांना दोरी बांधून ती भिंतीतून बाहेर ओसरीवर काढली, म्हणजे कुलूप न उघडता बाहेरून ओढता येते. हे सुचवलं समोरच्या घरातल्या मावशीनं. तिचा दरवाजा हॉलच्या अगदी तोंडाला. ती म्हणाली, "नळाच्या पान्यासाठी मी तशीबी रातचं चारदा उठते. दोरी माझ्याकडं द्या. ह्यांनी कुलूप सांभाळावं, मी वारा सांभाळते." चौकीदार हे सगळं ऐकत उभा होता. सगळे गेल्यावर जवळ आला आणि म्हणाला, "बाई, येक काम करा. लिहून द्या." काय लिहून देऊ, विचारलं. "खिडकी रातचं उघडी ठेवायची ते तुमी सांगितलं. काय गेलं तर जिम्मा माझा नाय. सही करा." मी तिथंच, ओसरीच्या कठड्यावर कागद ठेवून, ते स्वतःच्या हातानं लिहिलं. मंडळाच्या अध्यक्षांनी खाली सही केली. त्यानं कागद दोनदा वाचला, बोट फिरवत, आणि दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन प्लॅस्टिकमध्ये बसवून आणला. मला तेव्हा त्याची माफी मागायची होती. मी मागितली नाही. म्हटलं, आधी भिंत काय म्हणते ते बघू, म्हणजे बघा माझी हिंमत.

कारण खात्री नव्हतीच. महिनाभर तापलेला दगड पाच रात्रींत किती गार होणार? रोज सकाळी सहाला मी पुंडलिकनगरच्या घरून गाडी काढून जायचे आणि भिंतीला तळहात लावून बघायचे. पहिल्या दिवशी कोमट. दुसऱ्या दिवशीही कोमट. तिसऱ्या दिवशी मला गार वाटली आणि मावशीला वाटली नाही. चौथ्या दिवशी आम्ही दोघींनी गालच टेकवला. सचिवांचा निरोप आला होता की एसीवाला माणूस सोबत घेऊन येतो, मापं घ्यायला.

आज सकाळी नऊला चौकीदारानं सगळं बंद केलं. हॉल बंद बघून लोक कुरकुरले, "हवा तरी येऊ द्या." तो दारात उभा राहून म्हणाला, "हवा रातचीच आत हाये. बसा." दोनपर्यंत माणसं भरली. बाहेर रस्त्यावर कुत्रं नव्हतं, डांबर चपलेला चिकटत होतं. अडीचला सचिव आले, मागे एसीवाला टेप घेऊन. आणि तीनला पाच मिनिटं असताना वीज गेली. पंखे गरगरत थांबले. हॉलभर एकच "अरे" झालं. सचिवांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात थोडी दयाही होती. मंडळाचे अध्यक्ष छताकडे बघत होते. एवढी माणसं, अंगांची ऊब, पंखा नाही. कुणीतरी आता उठेल. एक उठलं की सगळे उठतील, हे मी आठ दिवसांपूर्वी पाहिलं होतं. तेव्हा मी पश्चिमेच्या भिंतीशी गेले आणि बसले.

पाठ टेकवायला भीती वाटली, खरं सांगते. मग टेकवली. गार नव्हती, आबा. पण भाजली नाही. पोलक्यातून दगडाचा तो जडपणा पाठीला लागला, सुती चादरीइतका सौम्य, आणि तसाच राहिला. मी डोळे मिटले. किती वेळ गेला कळलं नाही. उघडले तेव्हा मला चक्कर आली म्हणणारी ती म्हातारी माझ्याशेजारी येऊन बसली होती, पाय पसरून, आणि भिंतीला डोकं टेकून घोरत होती. एसीवाल्यानं टेप खिशात घातला होता आणि रुमालानं वारा न घेता नुसता बसला होता. पोरींनी चटई पसरून चक्क कबड्डीचा दम घुमवायला सुरुवात केली होती. चाळीस मिनिटांनी वीज आली तेव्हा कुणी आनंदानं ओरडलंसुद्धा नाही. सचिवांनी तापमापक दोनदा झटकून बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. यंदा एसी नको. पुढच्या उन्हाळ्यात परत बघू." एवढंच. मला तेवढं पुरलं. जाता जाता त्यांनी विचारलं, खिडक्यांचं कोण बघतं? मी सगळ्यांच्या देखत चौकीदाराकडे हात केला आणि म्हणाले, "हे बघतात, नि समोरच्या मावशी. मागच्या आठवड्यात मी ह्यांना इथंच टाकून बोलले होते. चूक माझी होती, गज मी काढले होते." सचिवांना काही संदर्भ लागला नाही. चौकीदारानं मान खाली घातली आणि उपरण्यानं उगाच दाराची कडी पुसली.

लोक गेल्यावर मी पायऱ्यांवर बसले. तो आला, शेजारच्या पायरीवर बसला आणि आपला डबा उघडला. भाकरी, लसणाची चटणी, कांदा. अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे धरली. "खा बाई. सकाळधरनं काय पोटात नाय तुमच्या, मी बघू राहिलो." मी घेतली. पहिल्या घासालाच डोळ्यांतून पाणी आलं. त्याला वाटलं चटणी तिखट लागली, तो पाणी आणायला धावला. चटणी तिखट नव्हती.

आता ते शेवटी सांगायचं राहिलेलं. हे पत्र टपालपेटीत पडणार नाही, तुमचा ओळंबा ज्या खणात आहे तिथं त्याच्याखाली जाईल. म्हणून लिहिते. त्या दिवशी, ती दुकानं, तो साहेब, मी तिथं होते. वाळूच्या ढिगाऱ्यामागे. हातात तुमचा डबा होता, आईनं दिलेला. माझ्यासोबत कॉलेजातली मैत्रीण होती आणि तिनं विचारलं, "तो कोण गं, शिव्या खातोय तो?" मी म्हणाले, माहीत नाही. साहेबाचा राग नाही आला मला, तुमची लाज वाटली. तुम्ही कुदळ उचललीत आणि मी तिला घेऊन निघून गेले. संध्याकाळी तुम्ही उपाशी घरी आलात आणि आईवर पहिल्यांदा ओरडलात की भर उन्हात राबणाऱ्या माणसाला डबा पाठवायची आठवण राहत नाही का. आईनं माझ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "इसरले मी." ती शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली. आई विसरली नव्हती, आबा. डबा मी परत नेला होता, आणि घरामागे कुत्र्याला घातला.